फासे कोणाच्या हाती? चतुरंगाच्या पटापासून जावास्क्रिप्टच्या देवडीपर्यंत

१/
महाभारताच्या सभापर्वात द्यूत सुरू होण्याआधीचा एक क्षण सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. पण दुर्योधन लावणार आणि फासे मात्र शकुनी टाकणार, हे ठरताच युधिष्ठिराने आक्षेप घेतला होता. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे त्याला रीतीला धरून वाटत नव्हते. आक्षेप नोंदवूनही तो खेळला आणि पुढचे सारे घडले.
कोणाच्या वतीने कोण खेळतो, आणि त्याला तो अधिकार कोणी दिला? हा प्रश्न प्रत्येक पटावरच्या खेळाला पडतो. आजचा धागा त्याच प्रश्नाचा, थेट संगणकाच्या पडद्यापर्यंत. 🧵

२/
मित्रहो, आज जगभर असंख्य लोक पटावरचे भूमिकाखेळ संगणकावर खेळतात. पट, सोंगट्या, फासे सारे पडद्यावर. या खेळांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक गोष्ट असते : आत बसवलेली छोटी वेबपाने. एखाद्या पानावर पात्राचे सामर्थ्य, शस्त्रे, जखमा यांची नोंद असते, तर एखाद्यावर लढाईतील क्रम. ही पाने जावास्क्रिप्टवर चालतात आणि एका ठरावीक दुव्यामार्फत मूळ खेळाशी बोलतात. या दुव्याला 'एपीआय' म्हणतात.
हा दुवा तांत्रिक तपशील वाटतो खरा. पण त्याची घडण समजून घ्यायची, तर दोन वेगळे इतिहास वाचावे लागतात. एक खेळातील पंचाचा, दुसरा ब्राउझरचा. आधी पंचाचा.

३/
सुरुवात आपल्याच भूमीतून. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून चतुरंग हे नाव आले. इराणात तो चतरंग झाला, अरबांकडे शतरंज आणि युरोपात बुद्धिबळ. या खेळात लपवण्यासारखे काहीच नसते. दोन्ही सैन्ये डोळ्यांसमोर असतात, फासा नसतो आणि नियम सर्वांना ठाऊक असतात. त्यामुळे पंचाचीही फारशी गरज नसते.
१७८० मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइक येथील गणिताचे शिक्षक योहान हेलविग यांनी याच बुद्धिबळाचा आधार घेऊन युद्धाचा खेळ रचला. पट दीड हजारांहून अधिक घरांचा होता आणि त्या घरांना भूप्रदेशानुसार रंग होते. तरीही दोन्ही बाजूंना सारे दिसतच होते.

४/
खरे वळण १८२४ मध्ये आले. प्रशियाच्या सैन्यातील गेओर्ग फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने, वडिलांच्या आधीच्या प्रयोगावर काम करून, 'क्रीग्सश्पील' सिद्ध केला. चौकोनी घरांऐवजी १:८००० या प्रमाणाचा खराखुरा नकाशा आला. प्रत्येक डाव म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे. हानी किती झाली, हे फासे आणि कोष्टके ठरवीत.
आणि मधोमध उभा राहिला पंच. खेळाडू आपले हुकूम लिहून त्याच्याकडे देत. सोंगट्या तोच हलवी. शत्रूची जी तुकडी दिसणे शक्य असेल, तेवढीच नकाशावर मांडली जाई. बाकीचे सैन्य पंचाच्या डोक्यात आणि टिपणांत असे.

५/
या रचनेकडे नीट पाहा, कारण पुढे हीच पुन्हा भेटणार आहे. खेळाडूला पटाला हात लावता येत नाही. तो चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी पंचाकडे जाते. पंच ती तपासतो, फासे टाकतो, पट बदलतो आणि त्या खेळाडूला जेवढे कळायला हवे तेवढेच कळवतो. चिठ्ठी आणि उत्तर यांच्यामध्ये वेळ जातो.
पुढे नियम इतके बोजड झाले, की १८७६ मध्ये युलियस फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी कोष्टकांपेक्षा पंचाच्या अनुभवी निर्णयावर भर देणारी मोकळी पद्धत मांडली. म्हणजे पंचाचे अधिकार वाढले आणि त्याच्यावरचा विश्वासही.

६/
ही परंपरा अटलांटिक ओलांडून गेली. अमेरिकी लष्करातील चार्ल्स टॉटन यांचे 'स्ट्रॅटेगोस' हे युद्धखेळाचे पुस्तक १८८० मध्ये निघाले. त्यातील सर्वाधिकारी पंचाची कल्पना मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी उचलली. १९६९ मध्ये त्यांनी 'ब्राउनश्टाइन' नावाचा खेळ चालवला. त्यात प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली होती.
त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन यांनी पुढे 'ब्लॅकमूर' हे कल्पित जग उभे केले. गॅरी गायगॅक्स यांच्यासह त्यांनी घडवलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्या पुस्तिकांत खेळ चालवणाऱ्यासाठी 'रेफरी' म्हणजे पंच हाच शब्द होता. 'डंजन मास्टर' हे नाव नंतर रूढ झाले.

७/
आपल्याकडे नाट्यपरंपरेत यासाठी नेमका शब्द आहे : सूत्रधार. या धाग्यात तोच वापरू.
१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सूत्रधारासाठी पुठ्ठ्याचे आडपडदे विकले जाऊ लागले. पडद्याआड नकाशा, राक्षसांची माहिती आणि त्याचे स्वतःचे फासे. पडद्याच्या अलीकडे खेळाडू.
त्या पुठ्ठ्याने तीन अधिकार वेगळे केले : कोणाला काय दिसावे, पटावर बदल कोणी करावा आणि फासे कोणी टाकावेत. हे तीन लक्षात ठेवा. पुढे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पुठ्ठ्याऐवजी ओळींनी हाच पडदा उभारावा लागला.

८/
एकविसाव्या शतकाच्या आरंभी पट संगणकावर आला. 'फँटसी ग्राउंड्स' २००४ मध्ये बाजारात आले. त्याच दशकात 'मॅपटूल' हे जावा भाषेतील मुक्त सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी उभारले. पुढे २०१२ मध्ये थेट ब्राउझरमध्ये चालणारे 'रोल२०' आले.
अडचण एकच होती. भूमिकाखेळ शेकडो आहेत, प्रत्येकाचे नियम निराळे, आणि प्रत्येक टेबलाचे घरगुती नियम त्याहून निराळे. हे सारे एका कंपनीने लिहून पुरे होणे शक्य नव्हते. म्हणून खेळणाऱ्यांनाच स्वतःच्या ओळी लिहू देणे भाग पडले.

९/
काहींनी यासाठी 'लुआ' ही छोटी भाषा निवडली. ती १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसण्यासाठीच तिची ओळख झाली. फँटसी ग्राउंड्स आणि 'टेबलटॉप सिम्युलेटर' यांनी तीच घेतली.
पण पात्राचे पत्रक म्हणजे शेवटी एक भरायचा तक्ता : चौकटी, आकडे, खुणा, बटणे. असे तक्ते मांडायला वेबपान सर्वांत सोयीचे. एचटीएमएल जाणणारे तरुण जगभर होते. म्हणून अनेक खेळांनी आपल्या पोटात वेबपानेच बसवली. आणि वेबपान आले, की त्याच्या मागोमाग जावास्क्रिप्ट येतेच.

१०/
इथे दुसरा इतिहास सुरू होतो, ब्राउझरचा. मे १९९५. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा चालता केला. आधी नाव 'मोका', मग 'लाइव्हस्क्रिप्ट', आणि डिसेंबर १९९५ मध्ये सन कंपनीसह घोषणा झाली ती 'जावास्क्रिप्ट' या नावाने. जावा तेव्हा गाजत होती, तिच्या नावाचा लाभ हवा होता. नावापलीकडे दोन्ही भाषांचे नाते फारसे नाही.
पानात हालचाल यावी, भरलेला तक्ता जागच्या जागी तपासता यावा, एवढीच तेव्हाची अपेक्षा. परक्याने लिहिलेल्या ओळी आपल्या यंत्रावर चालणार, याचा अर्थ मात्र हळूहळू उमगत गेला.

११/
नेटस्केप २ मध्ये जावास्क्रिप्टबरोबरच 'फ्रेम' आल्या. एका खिडकीत अनेक पाने दिसू लागली. लगेच प्रश्न उभा राहिला : शेजारच्या चौकटीतील पान माझे पत्र वाचू शकेल काय? उत्तर म्हणून 'समान उगम' हा नियम आला. संकेतपद्धती, यजमान संगणकाचे नाव आणि पोर्ट हे तिन्ही जुळले, तरच एका पानाने दुसऱ्याच्या आत डोकवावे.
डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४ या प्रमाणात 'आयफ्रेम'ला अधिकृत स्थान मिळाले. पानाच्या पोटात दुसरे पान आता रीतसर बसू लागले. शेजार वाढला, तशी भिंतीची गरजही वाढली.

१२/
भिंतीत दार ठेवण्याचा पहिला मोठा प्रयत्नही नेटस्केपचाच. १९९६ मधील नेटस्केप ३ मध्ये 'लाइव्हकनेक्ट' आले. त्यामुळे पानातील जावास्क्रिप्टला जावात लिहिलेल्या कार्यक्रमाला हाक मारता येई, आणि जावाला उलट पानाला.
यासाठी जावाच्या बाजूला एक संच होता : 'नेटस्केप.जावास्क्रिप्ट'. त्यातील मुख्य वस्तूचे नाव 'जेएसऑब्जेक्ट'. हे नाव ध्यानात ठेवा. ते पंधरा वर्षांनंतर एका अनपेक्षित ठिकाणी सापडणार आहे.

१३/
भिंतच नसेल तर काय होते, याचा धडा ऑक्टोबर २००५ मध्ये मिळाला. 'मायस्पेस'वर सदस्यांना आपले पान स्वतः सजवता येई. जावास्क्रिप्टला बंदी होती, पण गाळणी कच्ची होती. सॅमी कामकर या तरुणाने त्या गाळणीतून काही ओळी आत सरकवल्या. त्याचे पान जो पाही, त्याच्या नावे सॅमीला मैत्रीची विनंती जाई आणि त्या ओळी पाहणाऱ्याच्या पानावरही उमटत. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून अधिक पानांपर्यंत त्या पोहोचल्या.
सदस्याला याचा पत्ताही नव्हता. त्याच्या वतीने दुसराच कोणी खेळत होता. पाहुण्याने लिहिलेल्या ओळी यजमानाच्या अधिकाराने चालल्या, की असेच होते.

१४/
मग भिंत आणि दार दोन्ही हवे असतील तर? वेबने शोधलेले उत्तर पाहिले, की राइसविट्झच्या चिठ्ठीची आठवण येते. २००८-०९ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांत 'पोस्टमेसेज' ही सोय आली. आतले पान बाहेरच्या पानाला हात लावत नाही, निरोप पाठवते. निरोपाबरोबर पाठवणाऱ्याचा उगमही कळतो. घेणारा तो तपासतो आणि ऐकायचे की नाही ते ठरवतो.
आपल्या जुन्या वाड्यांना देवडी असे. बाहेरचा माणूस देवडीवर थांबे, निरोप आत जाई, उत्तर बाहेर येई. एपीआय म्हणजे अशीच देवडी. पहारेकरी कोणते निरोप आत नेईल, याची यादी आधीच ठरलेली असते.

१५/
आता दोन्ही इतिहास एकत्र येतात. मॅपटूलचेच उदाहरण घ्या. त्यातील जुनी अंतर्भूत पाने जावाच्या 'स्विंग' या संचावर दिसत. तो संच एचटीएमएल ३.२ एवढेच जाणे. हे प्रमाण जानेवारी १९९७ चे. बाहेरचे जग एचटीएमएल ५ पर्यंत पोहोचले, तरी मॅपटूलच्या चौकटीत १९९७ च चालू होते. जावास्क्रिप्ट तिथे नव्हतीच.
तरीही लोकांनी त्यात सुंदर पत्रके रचली. दुवा दाबला की मॅक्रो चाले, मॅक्रो नवे पान तयार करी आणि ते जुन्याच्या जागी येई. एक आकडा बदलायचा तरी अख्खे पान पुन्हा लिहायचे. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना त्या पानाची उघडझाप आठवत असेल.

१६/
सुटका झाली ती 'जावाएफएक्स'मुळे. २०११ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत 'वेबव्ह्यू' होता : वेबकिट या इंजिनावर चालणारा छोटा, पण पुरा ब्राउझर, जावाच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये बसवता येणारा. पुढे मॅपटूलने त्याच्या आधारे एचटीएमएल ५ च्या चौकटी आणल्या आणि आतल्या पानांत जावास्क्रिप्ट चालू लागली.
आणि या वेबव्ह्यूत जावा व जावास्क्रिप्ट यांना जोडणाऱ्या वस्तूचे नाव काय? 'नेटस्केप.जावास्क्रिप्ट.जेएसऑब्जेक्ट'! नेटस्केप ब्राउझरचा आधार मार्च २००८ मध्येच बंद झाला होता. पण जुन्या पेशव्यांच्या नावाने एखादी पेठ टिकावी, तसे ते नाव जावाच्या पोटात अजून नांदते आहे. सॉफ्टवेअरमध्येही शिलालेख असतात, वाचणारा हवा.

१७/
या देवडीवरचा पहारा कसा चाले? मॅपटूलमध्ये 'विश्वासू मॅक्रो' ही कल्पना आधीपासून होती. काही अधिकारांची कामे कोणत्याही खेळाडूने गप्पांच्या चौकटीत लिहून होत नसत. ती ज्या ओळींतून होत, त्या सूत्रधाराच्या ताब्यातील सोंगटीवर ठेवाव्या लागत आणि खेळाडूला त्या बदलता येत नसत.
नवी जावास्क्रिप्ट आली, तरी हा नियम मोडला नाही. पानाने मॅक्रोला निरोप द्यायचा, मॅक्रोने आपल्या अधिकारात काम करायचे, पानाने उत्तराची वाट पाहायची. पान कितीही देखणे असो, पटाची मालकी त्याच्याकडे गेली नाही.

१८/
'वाट पाहणे' हा शब्द महत्त्वाचा. नवशिक्यांची पहिली ठेच इथेच लागते. पानाने विचारले, 'या सोंगटीचे प्राणबळ किती?' आणि पुढच्याच ओळीत तो आकडा वापरला, तर हाती काहीच लागत नाही. उत्तर अजून यायचे असते. पान आणि यजमान पुष्कळदा वेगळ्या प्रक्रियांत चालतात, त्यांच्यामध्ये निरोपच ये-जा करतात.
जावास्क्रिप्टमध्ये यासाठी 'प्रॉमिस' म्हणजे वचन अशी वस्तू आहे. यजमान लगेच वचन देतो आणि आकडा नंतर. प्रशियाचा अधिकारी चिठ्ठी देऊन पंचाकडे पाहत बसे, तसेच हे.

१९/
रोल२० ने दोन निराळ्या देवड्या ठेवल्या. सर्व खेळावर परिणाम करणाऱ्या ओळी खेळाडूच्या ब्राउझरात चालतच नाहीत. त्या कंपनीच्या सर्व्हरवर, प्रत्येक खेळासाठी वेगळ्या बंदिस्त जागेत चालतात. पात्रपत्रकांतील ओळी 'वेब वर्कर'मध्ये चालतात, जिथून पानाला थेट हात लावता येत नाही. गुण वाचायचे तर विनंती, लिहायचे तर विनंती.
ही पत्रके मुख्यतः खेळणाऱ्यांच्या समुदायाने लिहिली आहेत. अनोळखी माणसाने लिहिलेले पत्रक हजारो टेबलांवर उघडते आणि तरीही मायस्पेससारखी आग पसरत नाही. याचे पुष्कळसे श्रेय त्या बंदिस्त जागेला आहे.

२०/
२२ मे २०२० रोजी आलेल्या 'फाउंड्री'ने उलट मार्ग धरला. टाळेबंदीत जगभरची टेबले बंद पडली होती आणि लोक पडद्यावर वळत होते. फाउंड्रीत जोडणीच्या ओळी मुख्य पानातच चालतात. खेळाच्या जवळजवळ साऱ्या वस्तू त्यांना हाताळता येतात. कोणती जोडणी घ्यायची, हे खेळ भरवणारा ठरवतो. त्यामुळे अल्पावधीत जोडण्यांचे रान माजले आणि मूळ कर्त्यांच्या कल्पनेपलीकडच्या गोष्टी घडल्या.
किंमतही आहे. वाड्यात थेट प्रवेश दिलेला पाहुणा एखादी भिंत पाडूनही जाऊ शकतो. आवृत्ती बदलली की जुन्या जोडण्या कोसळतात, हे या मार्गाचे नेहमीचे दुखणे. स्वातंत्र्य आणि पहारा यांतील निवड इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

२१/
'आउलबेअर रोडिओ'च्या दुसऱ्या पिढीने मधला मार्ग घेतला. तिथे जोडणी म्हणजे एक स्वतंत्र संकेतस्थळ. ते खेळात आयफ्रेममध्ये उघडते आणि एका वाचनालयामार्फत यजमानाला निरोप पाठवते. लेखकाने आपल्या पानाबरोबर एक छोटे ओळखपत्र द्यायचे असते : नाव काय, कोठे उघडायचे.
अशा पानातील पहिली ओळ बहुधा एकच असते : यजमान तयार झाला, की मला कळवा. त्याआधी काही विचारू नये. देवडी उघडण्यापूर्वी दिलेला निरोप कोणी घेत नाही.

२२/
आता या धाग्यातील माझे सर्वांत आवडते उदाहरण. 'टेलस्पायर' हा नॉर्वेतील बाउन्सीरॉक यांचा त्रिमितीय पट. २०२१ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. पुढे त्यात 'सिम्बायोट' नावाची अंतर्भूत वेबपाने आली. आपले जावास्क्रिप्ट पान तिथे बसवता येते, सोंगट्यांची माहिती विचारता येते, गप्पांत मजकूर पाठवता येतो.
आणि फासे? पान तलवारीच्या घावासाठी योग्य ते फासे खेळाडूच्या ताटात ठेवू शकते. ते टाकायचे मात्र खेळाडूने, स्वतःच्या हाताने, सर्वांच्या समोर पटावर. ते थांबले, की निकाल निरोप म्हणून पानाकडे परत येतो.

२३/
युधिष्ठिराचा आक्षेप इथे नियमात उतरलेला दिसतो. पान खेळाडूला मदत करते, बेरीज करते, विसरलेला नियम आठवून देते. त्याच्या वतीने फासा मात्र टाकत नाही.
जावास्क्रिप्टमध्ये यदृच्छ संख्या काढायला एक ओळ पुरते. कोणतेही पान 'वीस आले' असे सांगू शकते. ती ओळ खेळाडूच्याच यंत्रावर चालते आणि स्वतःच्या यंत्रावरची ओळ ज्याची त्याला बदलता येते. म्हणून पानात पडलेला फासा आणि यजमानाने टाकलेला फासा यांचे मोल सारखे नसते. चांगले खेळ हा भेद विसरत नाहीत. रोल२० तर फासे आपल्या सर्व्हरकडूनच घेते.

२४/
दुसरा भेद गुपिताचा. सूत्रधाराचा पुठ्ठा अपारदर्शक होता, ब्राउझर तसा नाही. एकदा माहिती खेळाडूच्या यंत्रावर पोहोचली, की ती पानावर दाखवली नाही तरी शोधणाऱ्याला सापडते. दार काळ्या रंगाने झाकले म्हणून त्यामागचा राक्षस लपत नाही. लपवायचे असेल, तर ते पाठवूच नये.
क्रीग्सश्पीलच्या पंचाला हे ठाऊक होते. शत्रूची न दिसणारी तुकडी तो कापडाखाली झाकून ठेवत नसे, ती नकाशावर मांडतच नसे. दोनशे वर्षांनंतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला तोच धडा नव्या शब्दांत गिरवावा लागतो.

२५/
तुमच्यापैकी कोणी असे पान लिहायला बसणार असेल, तर या इतिहासातून हाती लागलेली शिदोरी एवढी :
▪ यजमान तयार होईपर्यंत थांबा.
▪ आवश्यक तेवढेच अधिकार मागा.
▪ प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहा, उत्तर येणारच नाही ही शक्यताही धरा.
▪ दुसऱ्या खेळाडूकडून आलेला मजकूर पानात तसाच ओतू नका. मायस्पेस आठवा.
▪ पट बदलला की कळवण्याची सोय असेल तर ती वापरा, दर क्षणाला विचारत बसू नका.
▪ अंतिम निर्णय पानात ठेवू नका. तो यजमानाचा आणि त्यामागच्या माणसांचा.

२६/
खेळात हरणे माणसे सहन करतात. आपल्याला दिसत नव्हते असे काहीतरी आडून चालले होते, हे कळले की मात्र टेबल मोडते, मैत्र्याही मोडतात. म्हणून पंच आला, पुठ्ठ्याचा पडदा आला, समान उगमाचा नियम आला, बंदिस्त जागा आली आणि निरोपांची देवडी आली. राइसविट्झला जावास्क्रिप्ट ठाऊक नव्हती आणि आइक यांच्यासमोर पटावरचे खेळ नव्हते. दोन अनोळखी परंपरा एकाच उत्तरापाशी आल्या : ज्याच्यावर पूर्ण विश्वास नाही, त्याला घराबाहेर ठेवायची गरज नाही. त्याला देवडीवर बसवा, त्याचा निरोप घ्या आणि पट आपल्याकडे ठेवा.

२७/
पुढच्या वेळी एखाद्या खेळातील छोट्या चौकटीत बटण दाबाल आणि क्षणभर थांबून आकडा उमटेल, तेव्हा त्या क्षणाकडे लक्ष द्या. तेवढ्यात एक चिठ्ठी गेलेली असते, कोणीतरी ती तपासलेली असते आणि उत्तर परत आलेले असते.
तुमच्या टेबलावर फासे कोणाच्या हाती असतात? पानाच्या, यजमानाच्या की माणसाच्या? उत्तरात जरूर लिहा, वाचायला आवडेल. धागा समाप्त. 🎲